रानातल्या नोंदी

निसर्ग-अभ्यासकाची नोंद बहुधा एकदोन ओळींचीच असते. कोणता जीव, कुठे, कधी आणि काय करताना दिसला, एवढेच तिच्यात असते. ‘चातक दिसला’ या वाक्यातून फारसे काही हाती लागत नाही. तो कोणत्या वर्षी, कोणत्या तारखेला, कोणत्या गावच्या माळावर दिसला, एकटा होता की जोडीने, ओरडत होता की सातभाईंच्या मागे मुकाट फिरत होता, तोवर पाऊस झाला होता का, आणि आदल्या आठवड्यात त्याच माळावर हिंडूनही तो दिसला नव्हता का, हे लिहिले की त्या ओळीला वजन येते. यातला शेवटचा तपशील नवशिके हटकून गाळतात. महाराष्ट्रात पावसाच्या तोंडावर येणारे चातक आफ्रिकेतून येतात आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यांत घालतात. त्यांच्या येण्याचा दिवस ठरवायचा, तर पक्षी दिसल्याची पहिली तारीख जितकी लागते, तितकीच तो न दिसल्याची शेवटची तारीखही लागते. न दिसणे हीही नोंदच आहे, मात्र ती प्रत्यक्ष तिथे जाऊन आलेल्या माणसाची असावी लागते.

असे लेखन म्हटले की इंग्लंडमधल्या सेलबर्न या खेड्याचे नाव निघतेच. गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हा तिथला पाद्री. आयुष्याचा बराचसा काळ त्याने त्याच परिसरात काढला. १७५१ पासून तो बागेची रोजनिशी ठेवत असे आणि १७६८ पासून छापील रकान्यांच्या वहीत हवामान, झाडे, पक्षी, कीटक यांच्या नोंदी करीत असे. थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोघांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात त्याचा ग्रंथ १७८९ मध्ये निघाला. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या तीन पर्णवटवट्यांच्या जाती त्याने आवाजावरून वेगळ्या काढल्या. गांडुळे नसती तर जमीन घट्ट आणि नापीक झाली असती, हे त्याने डार्विनच्या गांडुळांवरील ग्रंथाच्या (१८८१) जवळजवळ शतकभर आधी लिहिले. याच व्हाइटला भिंगऱ्या हिवाळ्यात परदेशी जातात की इथेच कुठे दडून झोपतात, याचा निकाल शेवटपर्यंत लावता आला नाही. शंका होती तिथे त्याने शंकाच लिहिली. म्हणून त्याच्या बाकीच्या नोंदींवर विसंबता येते.

व्हाइटशी पत्रव्यवहार असलेल्या रॉबर्ट मार्शम यांनी नॉरफकमध्ये १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिले फूल, पहिला बेडूक, पहिली भिंगरी अशा त्या खुणा. त्यांच्या घराण्यात ही वही पिढ्यानपिढ्या, १९५८ पर्यंत चालू राहिली. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो याने १८५२ ते १८५८ या काळात कॉन्कर्ड गावातल्या रानफुलांच्या फुलण्याच्या तारखा लिहून ठेवल्या. दीडशे वर्षांनी रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गावात त्याच जाती तपासल्या, तेव्हा त्या सरासरीने सुमारे आठवडाभर आधी फुलत असल्याचे आढळले. तापमानवाढ मोजायला आपली वही उपयोगी पडेल, हे थोरोच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. नोंद करणाऱ्याचा हेतू आणि नोंदीचा उपयोग यांची अशी फारकत या क्षेत्रात वारंवार दिसते. म्हणूनच ‘यात लिहिण्यासारखे काय आहे’ हा निकष वहीला लावून चालत नाही.

हिंदुस्थानात या कामाला घर मिळाले ते मुंबईत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. दुसरे संस्थापक एडवर्ड हॅमिल्टन एटकन हे जकात आणि मीठ खात्यातले अधिकारी. बंगल्यातल्या पाली, मुंग्या, कावळे आणि बेडूक यांच्यावर त्यांनी ‘ईहा’ या सहीने लिहिलेले खुसखुशीत लेखन आजही वाचनीय आहे. सोसायटीचे नियतकालिक १८८६ मध्ये सुरू झाले आणि कलेक्टर, डॉक्टर, वनाधिकारी, चहामळेवाले यांच्या टिपणांना जागा मिळाली. त्या काळच्या बहुतेक नोंदी बंदुकीच्या नळीतून आलेल्या आहेत. आधी पक्षी पाडायचा, मग कातडे भरायचे, इंचांत मापे घ्यायची आणि पायाला चिठ्ठी बांधायची, असा रिवाज होता. त्यातून जातींची यादी पक्की झाली. जिवंत पक्षी दिवसभर काय करतो, हे मात्र त्या कातड्यांना सांगता येत नव्हते.

ते दाखवून देणारे एक काम अलिबागजवळच्या किहीम गावात झाले. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून सलीम अली १९३० मध्ये परतले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. किहीमच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती आणि बेकारीमुळे वेळ भरपूर होता. आडोसा करून ते घरट्यांच्या उंचीवर बसत आणि पावसाळ्यात त्या वसाहतीत काय चालते ते लिहून ठेवत. त्याआधीही हा पक्षी कुणाला अनोळखी नव्हता. विहिरीवरच्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारी त्याची घरटी कोकणात आणि देशावर पोरासोरांनाही ठाऊक होती. अर्धवट सोडलेली घरटी कशासाठी असतात आणि घरट्यात मातीचे गोळे का चिकटवलेले असतात, याविषयी मात्र तर्कच चालू होते. पक्षी मातीत काजवे रोवून दिवा करतो, ही त्यातली सर्वांत लाडकी गोष्ट.

किहीमच्या निरीक्षणांतून जो क्रम उलगडला तो असा. विणकाम नर करतो. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडून तो लांब पट्टी फाडून आणतो आणि फांदीला गाठ मारून विणायला लागतो. घुमटी आणि तिच्या तोंडाशी आडवी दांडी एवढे झाले की काम थबकते. त्या सुमारास माद्यांचा थवा वसाहतीत उतरतो. माद्या अर्धवट घरट्यांत शिरून विणकाम ओढून पाहतात. पसंत पडले तर मादी तिथेच राहते. मग नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो. मादी अंड्यांवर बसली की त्याचे तिथले काम संपते. तो शेजारी दुसरे घरटे बांधायला घेतो आणि तिथे दुसरी मादी आली तर तिच्याशीही संसार थाटतो. पिलांचा भार मुख्यतः मादीवर पडतो. कुणाही मादीला न पटलेली घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. त्यांचे कोडे इतके साधे होते. हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला.

एकदोन फेऱ्यांत यातले काहीही हाती लागले नसते. एखाद्या सकाळी वसाहत पाहणाऱ्याला नर विणताना दिसला असता, दुसऱ्या दिवशी मादी आत शिरताना दिसली असती, आणि त्यावरून त्याने जोडप्याच्या एकनिष्ठ संसाराची सुरेख कथा रचली असती. कोणत्या घरट्याशी कोण आले, काम कुठवर पोहोचले आणि कुठे थांबले, हे सलग पाहिल्यावरच एका नराच्या अनेक संसारांचा हिशेब लागला. लांबचे अरण्य, दुर्मीळ प्राणी, महागडी दुर्बीण यांपैकी कशाचीही इथे गरज पडली नाही.

वनस्पतींच्या बाबतीत चिकाटीची कसोटी वेगळी असते. झाड पळून जात नाही, त्यामुळे ते पाहून झाले असे फार लवकर वाटू लागते. सह्याद्रीच्या उतारांवर माजणारी कारवी वर्षानुवर्षे नुसती हिरवी असते. घाटातल्या लोकांना ती कुडाच्या भिंतींसाठी लागणाऱ्या काठ्या म्हणून माहीत असते. सात-आठ वर्षांनी एका पावसाळ्याच्या अखेरीस सगळा उतार एकदम जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, बोंडे धरतात आणि फुललेली झाडे मरतात. वाळलेली बोंडे उन्हाळाभर तशीच राहतात आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या ओलाव्याने तडतडत फुटून बी उधळतात. सगळे डोंगर एकाच वर्षी फुलतात असेही नाही. एका खोऱ्यातली कारवी फुलून मेलेली असताना पलीकडच्या खोऱ्यातली अजून कोवळी असू शकते. म्हणून ‘कारवी अमुक साली फुलली’ हे विधान डोंगराचे नाव घेतल्याशिवाय अपुरेच राहते. एका माणसाच्या हयातीत एकाच उताराचे फार तर आठदहा बहर येणार. त्यामुळे तिचे चक्र नीट मांडायला अनेकांच्या वह्या एकमेकींना जोडाव्या लागतात. कारवीचा मध काढणारे मात्र बहराचे वर्ष चुकवत नाहीत.

याच्या उलट टोकाला कंदीलपुष्प. याच्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाहीत. पावसाळ्यात कड्याच्या गवतातून एक नाजूक वेल किंवा रोपटे वर येते, काही आठवडे फुलते आणि जमिनीतल्या कंदात परत जाते. कंद माणसे खातात, रानडुकरेही उकरतात. फुलाच्या नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात. वासाने आत शिरलेल्या बारीक माश्यांना त्यांच्यामुळे बाहेर पडता येत नाही. पुढे ते केस मलूल होतात आणि परागांचे पुंजके अंगावर घेऊन माशी सुटते. हे समजण्यासाठी फुलाचा फोटो पुरत नाही. त्याच फुलाकडे सकाळी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते, आणि तोवर गुरांनी ते खाल्लेले नसावे लागते. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर असेच काही आठवड्यांचे जग उभे राहते. तिथला मातीचा थर बोटभरही नसतो आणि त्यात नत्र नगण्य. म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती ती उणीव कीटक पकडून भरून काढतात. मे महिन्यात तिथून गेलेल्या सरकारी कागदाला हा सडा ‘पडीक’ दिसतो. कागदावर भेटीचा महिना लिहिण्याची सक्ती असती, तर असे बरेच शेरे टिकले नसते.

नोंद खोटी असली तर काय होते, याचा सर्वांत धडधडीत दाखला रानपिंगळ्याचा आहे. १८७२ मध्ये मध्य भारतात मिळालेल्या नमुन्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचे वर्णन केले. त्यानंतर मोजकेच नमुने मिळाले. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केले होते. १८८४ नंतर पक्षी कुणाच्या हाती लागला नाही, अपवाद एकच. ब्रिटिश लष्करातल्या कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांच्या संग्रहात १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता. कर्नल नामांकित पक्षिशास्त्रज्ञ होते, त्यामुळे चिठ्ठी सर्वांनी खरी मानली.

पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या संग्रहाची छाननी केली. कातडे भरण्याची पद्धत, आतला कापूस, जुने टाके उसवून पुन्हा घातल्याच्या खुणा, क्ष-किरणांत दिसणारी हाडांची ठेवण, सगळे एकाच दिशेने बोट दाखवत होते. तो नमुना डेव्हिडसनने तीस वर्षे आधी मिळवलेला होता. कर्नलने तो संग्रहालयातून उचलून, नव्याने भरून, वर आपली चिठ्ठी लावली होती. १९१४ ची नोंद रद्द धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धुंडाळली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ सागवानात, त्यांना रानपिंगळा दिसला. तो दिवसाढवळ्या उघड्या शेंड्यावर बसला होता. घुबड असूनही हा पक्षी दिवसा वावरतो, सरडे, उंदीर आणि कीटक पकडतो. नंतर तो मेळघाटात आणि तानसाच्या रानातही आढळला. नेहमीच्या पिंगळ्याशी त्याचे साम्य असल्याने आधीही तो कितीकांच्या डोळ्यांसमोरून गेला असणार. एका चिठ्ठीवरचे खोटे गाव आणि खोटे साल कित्येक वर्षे शास्त्रात वावरले. डेव्हिडसनच्या जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांनीच अखेर पक्ष्यापर्यंत नेले.

जेर्डनच्या धाविकाची कथा याच्या उलट बाजूने घडली. आंध्रातल्या कडप्पा भागातला हा जमिनीवर धावणारा पक्षी १९०० नंतर कुणा अभ्यासकाला दिसला नव्हता. तो रात्री हिंडतो. झुडपी रानात रात्री वावरणाऱ्या स्थानिकांना तो ठाऊक होता, आणि जानेवारी १९८६ मध्ये त्यांच्यापैकीच एकाने विजेरीच्या उजेडात तो हाताने पकडून आणला. अशा वेळी ‘पुनर्शोध’ या शब्दाचा मान कुणाकडे जातो, हे पाहण्यासारखे असते. ठाकर, महादेव कोळी, माडिया, फासेपारधी यांच्याकडे पिढ्यानपिढ्या साचलेली निरीक्षणे आहेत. सापळा लावणाऱ्याला पक्ष्याची पायवाट, पाण्यावर येण्याची वेळ, घाबरल्यावर वळण्याची दिशा हे अचूक ठाऊक असावे लागते. चुकले तर त्याचा त्या दिवसाचा घास जातो. ही माहिती लिहिलेली नाही, तिला तारखा नाहीत. त्यामुळे शास्त्राने ती बराच काळ ऐकीव म्हणून बाजूला ठेवली. मारुती चितमपल्ली यांचे मोठे काम इथले आहे. वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध आणि विदर्भातल्या इतर रानांत राहून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची स्थानिक नावे आणि माणसांचे अनुभव सांगणाऱ्याच्या भाषेत टिपले. त्यात दंतकथा आणि निरीक्षण एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि ते वेगळे करण्याचे काम वाचकावर पडते. तरीही न लिहिल्यापेक्षा मिसळलेले लिहिणे केव्हाही परवडले.

मराठीत निसर्गलेखन कमी नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. त्यात बारा मराठी महिन्यांतले झाडापानांचे, फुलांचे, आभाळाचे बदल आहेत, आणि पाहण्याची बारकाई अशी की वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही खाली मान घालावी. पण ते महिन्यांचे पुस्तक आहे, वर्षाचे नाही. चैत्र दर वर्षी सौरगणनेत सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेतो. त्यामुळे ‘चैत्रात फुलला’ या विधानात तीन-चार आठवड्यांची ढील राहते. शेतकऱ्यांनी ही अडचण केव्हाच सोडवली आहे. पावसाची नक्षत्रे सूर्यावर बांधलेली आहेत. मृग दर वर्षी ७-८ जूनलाच लागते, आणि पहिल्या सरींनंतर ओल्या मातीवर तांबडे मखमली मृगाचे किडे दिसले की त्यांची तारीख नक्षत्राशी ताडून पाहता येते. ‘ऋतुचक्र’ साहित्य म्हणून वाचताना या कशाची गरज नाही. त्यातून बहराच्या तारखा काढू पाहणाऱ्याला मात्र हे ध्यानात ठेवावे लागते.

व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिले आणि त्याच नावाचे पुस्तक लिहिले. पुढे ‘सत्तांतर’ या लघुकादंबरीत त्यांनी वानरटोळ्यांचा संघर्ष मांडला. त्यामागचा प्रश्न खऱ्या निरीक्षणांतून आलेला होता. युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ, आणि सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर वानरांचे कळप पाहिले. बाहेरून आलेला नर टोळी ताब्यात घेतल्यावर कळपातली तान्ही पिले मारतो, असे दोघांनाही आढळले. घटनेबद्दल वाद नव्हता, अर्थाबद्दल होता. हर्डींच्या मते पिले गेल्याने माद्या लवकर माजावर येतात आणि नव्या नराची संतती वाढते. काहींना ते गर्दीमुळे बिघडलेले वागणे वाटले. वहीत ‘नराने पिलू मारले’ असे लिहिणे आणि ‘नराने सूड घेतला’ असे लिहिणे यांत हाच फरक आहे. दुसऱ्या वाक्यात निष्कर्ष घुसला आहे. निष्कर्ष जरूर लिहावा, पण दुसऱ्या रकान्यात. कादंबरीकाराला हे बंधन नाही, आणि माडगूळकरांनी ती मुभा जाणीवपूर्वक घेतली.

आता कॅमेरा आणि फोन यांनी तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप चिकटवायला सुरुवात केली आहे. डेव्हिडसनने हाताने लिहिलेली चिठ्ठी आज यंत्र लिहिते. ई-बर्डसारखी व्यवस्था एका फेरीत दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी मागते, म्हणजे न दिसलेल्यांचाही हिशेब लागतो. भारतात २००७ मध्ये सुरू झालेल्या मायग्रंटवॉचने चातकासह स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा सामान्य माणसांकडून गोळा केल्या. सीझनवॉचमध्ये एक झाड निवडून त्याची पाने, फुले, फळे आठवड्यागणिक नोंदवायची असतात. उणीव राहते ती वागणुकीची. लाखो छायाचित्रांत पक्षी फांदीवर नीट बसलेला असतो. तो तिथे का आला, किती वेळ थांबला, त्याला कुणी हुसकावले, हे चौकटीबाहेर राहते. शिवाय पक्ष्याच्या ध्वनिमुद्रित आवाजाने त्याला ओढून आणून काढलेला फोटो हा त्याच्या वावराचा पुरावा धरताच येत नाही. भंडारदरा परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांनी उजळणारी झाडे पाहायला गाड्यांची रांग लागते आणि दिव्यांच्या झोतात काजव्यांचे इशारे विरून जातात. पाहणाऱ्याची उपस्थिती हाही नोंदीचाच भाग आहे. किती माणसे होती, किती अंतरावर होती, उजेड होता का, हे वहीत यायला हवे.

ठिकाण उघड करण्याचा प्रश्नही यातूनच उभा राहिला. दुर्मीळ आमरीचे झाड, कंदीलपुष्पाचा कडा किंवा रानपिंगळ्याची ढोली यांचा अचूक पत्ता प्रसिद्ध झाला की खणणारे, पकडणारे आणि फोटोवाले तिघेही तिथे पोहोचतात. म्हणून संवेदनशील जातींच्या बाबतीत सार्वजनिक नोंदीत तालुका किंवा डोंगररांग यापलीकडे जात नाहीत. मूळ वहीत आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर मात्र ओढा, कडा, उंची आणि तारीख पूर्ण लिहितात, आणि ती वही पुढे एखाद्या संस्थेच्या संग्रहात जाईल अशी तजवीज नोंद करणाऱ्याने हयातीतच करून ठेवायची असते.